मोत्या गेला, आता परत कुत्रा आणू का?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझं वय 67. माहेर मिरजेजवळच्या खेड्यातलं, घरात दोन बैल, एक म्हैस, मांजरं तर मोजायचीच नाहीत, दारात कुत्रा आणि आजीचा पिंजऱ्यातला मिठू. बेंदराच्या आदल्या दिवशी वडील बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचे तेव्हा वाटी धरायला मी, आणि शिंगं रंगवायलाही मीच. लग्नानंतर सांगलीत फ्लॅटमध्ये आले तरी माझं घर कधी जनावराशिवाय राहिलं नाही. शेवटचा मोत्या, गावठीच, 14 वर्षांचा होऊन दोन महिन्यांपूर्वी किडनीच्या आजाराने गेला. मिस्टर आधीच गेलेत. मुलगा पुण्यात, तो म्हणतो आई आता बास, तुझ्यानंतर त्याचं कोण बघणार. शेजारीण म्हणते पोपट आणा, त्याला फिरवायला लागत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात नवीन कुत्रा आणायचा नाही. पहाटे साडेपाचला अजून जाग येते आणि पाय चपलेकडं जातात. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ते चपलेचं वाचून थांबलो जरा, कारण आमचा कुत्रा गेला तेव्हा माझी बायको कितीतरी दिवस पोळीचा शेवटचा तुकडा बाजूला काढून ठेवायची.

आधी सेक्रेटरींचं बघू, ते सोपं आहे. केंद्र सरकारचं भारतीय पशु कल्याण मंडळ आहे, त्यांनी 2015 मध्ये सोसायट्यांसाठी सूचना काढल्यात, त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्याची प्रिंट काढून शांतपणे द्या, भांडू नका. आणि आपल्या बाजूने पट्टा, लसीचं कार्ड आणि शी उचलायला कागद, एवढं चोख ठेवा म्हणजे बोलायला जागा राहत नाही.

पोपट मात्र अजिबात नको. तुमच्या आजीच्या वेळची गोष्ट वेगळी होती, तेव्हा घरोघरी मिठू असायचा आणि कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपले देशी पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे. बाजारातलं पिल्लू हे ढोलीतून ओढून काढलेलं असतं. शिवाय पिंजऱ्यातला पोपट नीट खायला मिळालं तर वीस-पंचवीस वर्षं सहज जगतो, म्हणजे मुलाचा जो प्रश्न आहे तो आणखी मोठाच होणार.

आता मुलाचं. तो तुम्हाला दुखवायला बोलत नाहीये आणि त्याचं निम्मं बरोबर आहे. गावठी पिल्लू आणलं आणि मोत्यासारखं 14 वर्षं जगलं तर तुम्ही 81 च्या असाल. शिवाय पिल्लू म्हणजे दिवसातून चार वेळा खाणं, रात्रीबेरात्री उठून शू, लसींचे हेलपाटे, दात बदलताना सोफ्याचे पाय कुरतडणं, आणि वर्षभरात ते अंगाने भरलं की जिन्यावरून असं ओढतं की तुमच्या वयाचं माणूस पडून खुब्याचं हाड मोडून घेतं. असे मालक मी पाहिलेत. त्यामुळे पिल्लू नको.

पण कुत्राच नको हे मला पटत नाही. सात-आठ वर्षांचा, शांत स्वभावाचा कुत्रा आणा. शेल्टरमध्ये असे कितीतरी असतात, कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी बाळ आलं म्हणून सोडलेले, आणि लोक येतात ते पिल्लं बघून जातात. त्याची उंची, ताकद, मांजरावर धावतो का, फटाक्याला घाबरतो का, हे सगळं आधीच कळतं. तुम्हाला पाच-सहा वर्षांची सोबत मिळते आणि त्याला म्हातारपणी घर मिळतं.

माझ्याकडे एक निवृत्त फौजी यायचे, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी असाच एक आठ वर्षांचा, तोंडाला पांढरं झालेला कुत्रा आणला. पहिले तीन दिवस तो दाराशी नाक लावून पडून, पाणी प्यायचा पण भाकरीला तोंड लावेना. मी म्हटलं रक्त तपासू. चौथ्या दिवशी सकाळी फोन आला, काका पेपर वाचत होते आणि ह्याने येऊन हनुवटी त्यांच्या पावलावर ठेवली, ते पाऊणतास पाय हलवेनात, चहा गार झाला म्हणाले. रक्त तपासायची गरजच पडली नाही मग.

मोठा कुत्रा आणताना थोडं बघून घ्या. आणल्या आठवड्यात रक्त, लघवी, दात तपासून घ्या, किडनीचं आधी कळलं तर आहार बदलून आजार लांबवता येतो, मोत्याच्या वेळचा अनुभव तुमच्याकडे आहेच. रेबीजची लस दरवर्षी. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघत जा, गोचीडताप म्हाताऱ्या कुत्र्याला झेपत नाही. आणि सांधे दुखतायत म्हणून आपल्या डब्यातली गोळी कधीच देऊ नका, माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते. उद्या मांजर आणलंत तर एक पॅरासिटामॉलसुद्धा त्याचा जीव घेते.

मुलाच्या प्रश्नाला मात्र तोंडी नाही, लेखी उत्तर द्या. एका कागदावर कुत्र्याचं नाव, वय, लसी, खाणं, डॉक्टरचा नंबर आणि तुम्हाला काही झालं तर कोण नेणार ते नाव, त्या माणसाला विचारून. शेल्टरलाही आधीच विचारा की अशा वेळी परत घेता का. तो कागद फ्रिजवर लावा आणि फोटो काढून मुलाला पाठवा, माझा अंदाज आहे की तोच म्हणेल माझं नाव लिही.

घाई करू नका. आधी दोन-चार रविवार शेल्टरला नुसत्या जाऊन बसा, कुठला जवळ येतो बघा. मोत्याची ताटली टाकू नका, किडनीचा आजार ताटलीतून पसरत नाही, गरम पाण्याने धुऊन वापरा. पट्टा मात्र नवीन घ्या, मानेचं माप घेऊन, आत दोन बोटं जातील इतका सैल.