चहाच्या खोलीत पाहुणी होऊन जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला. दिवाळी झाली की जपानला, क्योटोला चाललीयेस, ऑफिसच्या कामातून एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय आणि तुला टी सेरेमनी करायचीय, "सेन्सेई, कुठली बुक करू, किमोनोवाली की साधी, आणि वाडगा नक्की कुठल्या बाजूला फिरवायचा" असे तीन प्रश्न एका दमात विचारलेस. दोन ओळीत उत्तर देता आलं असतं पण ह्या विषयावर मला दोन ओळी पुरत नाहीत, म्हणून रात्री निवांत लिहायला बसलेय.

पहिलं म्हणजे तू सेरेमनी "बघायला" जाऊ नकोस. तिकडे ह्याला चानोयु म्हणतात, चहाचं गरम पाणी, एवढाच अर्थ. नाहीतर सादो, चहाची वाट. सेरेमनी हा शब्द बाहेरच्यांनी लावला आणि त्यामुळे आपल्याला वाटतं की समोर कोणीतरी काहीतरी करून दाखवणार आणि आपण फोटो काढणार. तसं नसतं गं. यजमान आणि पाहुणे मिळून ती गोष्ट घडवतात, त्यातलं अर्धं काम पाहुण्याचं, आणि ते काम म्हणजे नीट बघणं, नीट ऐकणं आणि वेळेवर वाकून नमस्कार करणं.

हे मला कसं कळलं ते सांगते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तुझ्याएवढीच होते, नुकतीच जपानीची परीक्षा पास झालेले, आणि आठवडाभर घरी स्टीलच्या वाटीवर प्रॅक्टिस केली होती, उजव्या हाताने उचल, डाव्या तळव्यावर ठेव, दोनदा फिरव. त्या दिवशी आम्ही पाच पाहुणे होतो, चौघं जुने आणि मी एकटी नवीन. सगळं मी बरोबर केलं, एक चूक नाही. बाहेर पडल्यावर माझ्या शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, आजचं काकेजिकु तुमच्यासाठी होतं, किती छान ना. काकेजिकु म्हणजे भिंतीवर लावलेली उभी गुंडाळी, त्यावर अक्षरं लिहिलेली असतात. मी मान वर करून बघितलंच नव्हतं. त्यावर किस्साको लिहिलं होतं, म्हणजे "जा, चहा घे". ही जोशू नावाच्या जुन्या चिनी झेन गुरूची गोष्ट आहे, एक भिक्षू म्हणाला मी पूर्वी इथे आलोय, त्याला म्हणाले चहा घे, दुसरा म्हणाला मी पहिल्यांदाच येतोय, त्यालाही म्हणाले चहा घे, मठाच्या व्यवस्थापकाने विचारलं दोघांना एकच उत्तर कसं, तर त्यालाही म्हणाले चहा घे. जुन्या चौघांमध्ये एक नवीन परदेशी मुलगी येणार म्हणून यजमान बाईंनी कपाटातून नेमकी ती गुंडाळी काढली होती. आणि माझं सगळं लक्ष वाडग्यावर. मला अजून त्याचं वाईट वाटतं, खरंच.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देणार आहे.

आता बुकिंग. क्योटोत टूरिस्टसाठी पाऊण तास-तासाभराचे भरपूर कार्यक्रम असतात, इंग्रजीत समजावून सांगतात, शेवटी तुझ्याच हातात व्हिस्क देऊन तुलाही चहा करायला लावतात. त्यात वाईट काही नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याला ते बरंच पडतं. फक्त दोन गोष्टी बघून घे. एक, चहा तुझ्यासमोर बनवणार आहेत ना. कारण बऱ्याच बागांमधून आणि देवळांमधून आतल्या खोलीत बनवलेला माच्चा, म्हणजे हिरव्या चहाचं चूर्ण घुसळून केलेला चहा, आणि एक गोड पदार्थ आणून ठेवतात, कानाझावाच्या केन्रोकुएनमध्ये शिगुरे-तेई आहे, टोकियोत हामारिक्यु बागेतलं तळ्यातलं चहाघर आहे, तिथे बसून समोरचं पाणी बघत चहा पिणं हे सुंदरच, पण ते वेगळं. दुसरं, एका वेळी किती माणसं. वीस जणांच्या ग्रुपपेक्षा चार-पाच जणांचा स्लॉट घे, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि क्योटोहून उजी ट्रेनने जवळ आहे, ब्योदो-इन देवळाच्या शेजारी नदीकाठी ताइहोआन नावाचं उजी शहराचं चहाघर आहे, भपका अजिबात नाही, मला ते फार आवडतं. पूर्ण चहा म्हणजे चाजी, त्यात जेवण, दाट चहा, पातळ चहा असं सगळं मिळून चारेक तास जातात, ते आमंत्रणावर असतं, तुला ह्या खेपेला ते जमणार नाही आणि घाईही नको.

किमोनो नको असं माझं मत. नेसायला वेळ जातो, ओबी, म्हणजे त्याचा रुंद पट्टा, पोटाशी आवळलेला असतो, आणि मग सगळं लक्ष आपण कशा दिसतोय तिकडे. सैलसर सलवार कुर्ता घाल, गुडघे सुखाने मुडपता आले पाहिजेत, टाइट जीन्स नको. पांढरे स्वच्छ मोजे बरोबर ठेव आणि दारात चढव, कारण तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर, अनवाणी जात नाहीत. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ सगळं काढून पर्समध्ये ठेव, ते वाडगे कधीकधी शेकडो वर्षं जुने असतात आणि आपल्या बांगडीचा एक टोला पुरतो. लांब चेन असेल तर कुर्त्याच्या आत टाक. अत्तर, परफ्यूम काही नको, आत धूप असतो, कोळशाचा आणि चहाचा वास असतो, आपल्या वासाने तो मारायचा नाही. किमोनोचे पैसे वाचले की त्यात काइशी घे, चहाचे घडीचे कागद, एक गठ्ठा आणि मिठाई खायची छोटी लाकडी काडी, चहाच्या दुकानात स्वस्तात मिळते, स्वतःचं काइशी काढून समोर ठेवलंस की यजमानांच्या चेहऱ्यावर काय दिसतं ते तूच बघ.

वेळेच्या आधी पोच. चांगल्या ठिकाणी छोटीशी बाग असते, रोजी म्हणतात, आणि पाहुणे यायच्या आधी वाटेवर पाणी शिंपडतात, आपल्याकडे अंगणात सडा घालतात ना तसंच, ओली वाट दिसली की समज घर तयार आहे. काळ्या दोरीने बांधलेला एक दगड वाटेत दिसला तर तिकडे जायचं नाही, पाटी न लावता दिलेली सूचना आहे ती. वाकून हात धुवायचं दगडी कुंड असतं, तिथे हात धू, चूळ भर.

मग दार. ह्या दारासाठी तरी जरा जुन्या पद्धतीची खोली शोध असं मी म्हणेन. निजिरीगुची, जेमतेम 66 सेंटीमीटर उंच, गुडघ्यांवर रांगत आत जावं लागतं. हे दार सेन नो रिक्यूशी जोडलेलं आहे. रिक्यू साकाई बंदरातल्या व्यापाऱ्याच्या घरातला, जन्म 1522 चा, पुढे ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी अशा दोन बलाढ्य लोकांचा चहागुरू झाला. त्या काळातले सामुराई तलवार बाहेर ठेवून, मान खाली घालून त्या भोकातून आत जायचे, आत गेल्यावर सगळे सारखे. त्याचीच म्हणून मानली जाणारी ताइआन ही खोली क्योटोजवळ यामाझाकीला म्योकिआन देवळात अजून उभी आहे, दोन तातामींची, म्हणजे दोन सतरंज्या अंथरल्या की संपली एवढी, आणि ती राष्ट्रीय ठेवा आहे. ती बघायला बरंच आधी पत्र पाठवून परवानगी काढावी लागते. आणि हे सगळं शिकवणाऱ्या माणसाला 1591 मध्ये हिदेयोशीनेच पोट फाडून मरायची आज्ञा दिली. नक्की कारण काय ह्यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या दारातून आत जाताना दर वेळी हे आठवतं आणि मान आपोआप खाली जाते.

आत गेल्यावर आधी टोकोनोमा, भिंतीतला तो जरासा उंच कोनाडा. तिथे जाऊन बस, वाक, आणि मग वर बघ. अक्षरं वाचता नाही आली तरी बघ. खाली फूल असेल, नोव्हेंबरमध्ये बहुतेक त्सुबाकीची, म्हणजे कॅमेलियाची, एखादी कळी, पूर्ण उमललेली नाही. त्या कोनाड्यात पर्स ठेवू नकोस, कितीतरी पाहुणे त्याला शेल्फ समजतात, आपल्या देवघरात कोणी चप्पल ठेवावी तसं दिसतं ते. तातामीच्या काठावर पाय नको.

बसायचं सेइझामध्ये, म्हणजे आपलं वज्रासनच, शाळेत पीटीच्या तासाला बसायचो तसं. आपल्याला जमेल असं वाटतं पण अर्धा तास वेगळा असतो, आजपासून रोज दहा मिनिटं बसून बघ. पायाला मुंग्या आल्या तर यजमानांना सांग आणि मांडी घाल, कोणी रागावत नाही. उठायच्या आधी पायाची बोटं मुडपून टाचांवर जरा वेळ थांब, रक्त फिरू दे, मग उठ. गुडघ्याचा त्रास असेल तर टेबल-खुर्चीचा प्रकार माग, र्युरेई, तो काही टूरिस्टसाठी परवा काढलेला नाही, 1872 च्या क्योटो प्रदर्शनात परदेशी पाहुणे येणार म्हणून उरासेंके ह्या चहाच्या घराण्याच्या अकराव्या गुरूंनीच तो बसवला.

तू नोव्हेंबरमध्ये जातेयस हे नशीब समज. मे ते ऑक्टोबर शेगडी जमिनीच्या वर असते आणि नोव्हेंबरपासून तातामीतलं एक चौकोनी भोक उघडून चूल आत जाते, तिला रो म्हणतात, ती पाहुण्यांच्या जवळ येते कारण थंडी. चहावाल्यांचं ते नवीन वर्ष. वसंतात तोडलेला, मडक्यात मुरवलेला चहा तेव्हा उघडतात. ह्या दिवसात इनोको मोची नावाचा पदार्थ मिळेल, रानडुकराच्या पिल्लासारखा दिसणारा, खा, त्यात मांस नाही. आणि एक जुनी हौस आहे, चूल उघडायच्या दिवसांत नावाच्या शेवटी "बे" येणाऱ्या तीन वस्तू मांडायच्या, फुकुबे म्हणजे भोपळ्याचं भांडं, ओरिबे आणि इन्बे ही मातीची भांडी. इन्बे ओकायामाकडचं, तू रोज सिंहगड रोडवर ज्या पु. ल. देशपांडे उद्यानावरून जातेस ते ज्या कोराकुएन बागेवरून केलंय त्याच ओकायामाचं. एइसाई हा भिक्षूही त्याच भागातला, 1191 मध्ये चीनहून परत येताना चहाचं बी आणि चूर्ण घुसळून प्यायची रीत घेऊन आलेला. तीनातली एक जरी ओळखलीस तर यजमानांना विचार, त्या दिवसभर खूश राहतील.

चहा यायच्या आधी गोड येतं. आधी ते पूर्ण संपवायचं, चहासोबत म्हणून राखून ठेवायचं नाही. आत बहुतेक गोड डाळीचं सारण असतं, तुला पुरणाची आठवण येईल. ही मिठाई सहसा शाकाहारी असते, पण जेवण असलेला कार्यक्रम घेतलास तर आधीच कळव, कारण तिथल्या साध्या सुपातही माशाचा अर्क असतो. रिकाम्या पोटी जाऊ नकोस, माच्चा म्हणजे अख्खं पानच पोटात जातं, तोडणीआधी दोन-तीन आठवडे झाकून वाढवलेलं, दगडी जात्यावर तासाला साधारण 40 ग्रॅम एवढंच निघणारं.

मग गप्प बस आणि ऐक. किटलीतल्या पाण्याचा आवाज येतो, त्याला पाइनच्या झाडांतला वारा म्हणतात. यजमान रेशमी कापडाची घडी घालून स्वच्छच असलेली भांडी परत तुझ्यासमोर पुसतील, बांबूच्या एकाच तुकड्यातून कोरलेल्या चासेनने, म्हणजे व्हिस्कने, घुसळतील. ह्या वेळात फोन पर्समध्येच असू दे. फोटो हवे असतील तर शेवटी विचार, बहुतेक ठिकाणी हो म्हणतात.

आता वाडगा. समोर आला की शेजारच्याला ओसाकी नि म्हण, तुमच्याआधी घेते. यजमानांना ओतेमाए चोदाई इताशिमासु, तुम्ही केलेला चहा घेते. उजव्या हाताने उचल, डाव्या तळव्यावर ठेव, किंचित वर उचलून आभार मान. वाडग्याची सगळ्यात देखणी बाजू यजमानांनी तुझ्याकडे करून दिलेली असते, तिथे ओठ लावायचे नाहीत म्हणून घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडं फिरव. तीनेक घोटात संपव, शेवटचा घोट आवाज करून ओढ, बशीतून भुरका मारतो तसा, तो आवाज म्हणजे संपला हा निरोप. काठ बोटांनी पूस, बोटं काइशीला, उलट फिरवून समोर ठेव. काही घराण्यांत बारीकसारीक फरक असतात, उरासेंकेत फेस भरपूर, ओमोतेसेंकेत कमी, त्यात अडकू नकोस, चुकलं तर चुकलं.

त्यानंतर ते कर जे मी केलं नाही. दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून, वाडगा जमिनीपासून अगदी थोडा वर धरून, सगळीकडून बघ, खालून पण बघ, कुंभाराचं बोट कुठे फिरलंय ते दिसतं. आणि विचार. वाडगा कुठला, मिठाईचं नाव काय, गुंडाळीवर काय लिहिलंय. तुझं जपानी तेवढ्याला पुरेल, व्याकरण चुकलं तरी.

हॉटेलवर परतलीस की त्याच रात्री यजमानांना पोस्टकार्ड लिही, हाताने, दोन-तीन ओळी. पत्ता निघतानाच मागून घे.

मला फोटो पाठवायची गरज नाही. टोकोनोमात काय होतं तेवढं कळव.

तुझी,
सेन्सेई