परतीचा रस्ता

चि. भाच्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बी.एस्सी. झालं की अमेरिकेत यायचं, टोर्नेडोच्या मागे गाडी घालायची आणि 'होईल तेवढं जवळ जायचं', असं लिहिलं आहेस. खाली तुझ्या आईने एक ओळ जोडली आहे, 'याला जरा समजाव.' मी तुला अडवणार नाही. इतकी वर्षं ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मनला राहून मी तेच करत आले. पण त्या 'जवळ'बद्दल बोलायला हवं.

टिम सामारासचे व्हिडिओ तू पाहिलेस, तसं त्याचं काम बघ. टोर्नेडोचा पाठलाग करून त्यांची मोजमापं घेणारा कोलोरॅडोचा हा माणूस पदवीधर नव्हता. लहानपणापासून रेडिओ उघडून बघायचा, तेच शिक्षण. 1980च्या दशकात शास्त्रज्ञांनी मोजमापाची उपकरणं बसवलेलं सुमारे 180 किलोचं एक पिंप बनवून टोर्नेडोच्या वाटेत ठेवायचा प्रयत्न केला, पण टोर्नेडोचा मध्य त्याच्यावरून कधी गेला नाही. टिमने उलटा विचार केला. त्याचं यंत्र बसकं, कासवाच्या पाठीसारखं, वीसेक किलोचं. वारा वरून सरकताना यंत्र जमिनीवर दाबलं जाईल, असा त्याचा उतार. 24 जून 2003 रोजी साउथ डकोटातल्या मँचेस्टर या चिमुकल्या गावाजवळ त्याने ते रस्त्याकडेला ठेवलं आणि गाडी पळवली. टोर्नेडो त्याच्यावरून गेला. हवेचा दाब 100 मिलिबारने कोसळल्याची नोंद झाली. मुंबईच्या किनाऱ्यावरून माथेरान चढेपर्यंत दाब जेवढा उतरतो, त्याहूनही थोडा जास्त, आणि तो उभ्या जागी, बघता बघता. गाव राहिलं नाही, नोंद राहिली.

त्या एका नोंदीमागे किती मोसम रिकाम्या हाताने परतणं आहे, ते लक्षात घे. आम्ही मे महिन्यात दिवसाला सात-आठशे किलोमीटर गाडी हाकतो. मेक्सिकोच्या आखातावरून ओलावा येतो, पश्चिमेच्या पठारावरून कोरडी हवा येते, वर उबदार हवेचं झाकण बसतं. ते झाकण दुपारी फुटलं तर ढग तासाभरात आकाशाला भिडतो. नाही फुटलं, तर पेट्रोल पंपावर बसून उकडलेल्या संध्याकाळी आम्ही निळं आभाळ बघतो. असेच दिवस जास्त. ज्याला हे सोसत नाही, त्याने या वाटेला येऊ नये.

आता माझी चूक सांगते. माझा दुसराच मोसम होता. नकाशावर रेघ दिसली म्हणून मी गाडी त्या रस्त्याने घ्यायला लावली. ओक्लाहोमात दर मैलावर आडवे-उभे रस्ते आहेत, पटावर आखल्यासारखे, पण त्यातले कितीतरी कच्चे. तांबडी चिकणमाती पावसाने भिजली आणि चाकं जागच्या जागी गरगरायला लागली. आम्ही तिघं उतरून ढकलत होतो. माझा एक बूट चिखलातच राहिला. लिंबाएवढ्या गारा पडत होत्या. शेजारच्या शेतातला गहू मात्र वादळाच्या दिशेने झुकला होता, कारण वारा आमच्या पाठीकडून आत ओढला जात होता. तो गहू मी अजून विसरलेले नाही. टोर्नेडो उत्तरेकडून गेला, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तेव्हापासून आमच्या गाडीत एक शिस्त आहे. थांबायच्या आधी चालवणारा मोठ्याने सांगतो: इथून दक्षिणेला किती डांबरी रस्ता, पुढे पूर्वेला कुठे वळायचं, नदीवर पूल आहे का. उत्तर आलं नाही तर थांबायचं नाही, समोर काहीही दिसो.

आणि तरीही, 31 मे 2013. ओक्लाहोमातलंच एल रीनो. वादळाच्या आग्नेयेला राहावं, हा आमचा नेहमीचा सुरक्षित कोपरा. त्या दिवशी टोर्नेडो आधी आग्नेयेलाच सरकला, मग ईशान्येला वळला, वेग घेतला आणि बघता बघता 4.2 किलोमीटर रुंद झाला. इतका रुंद टोर्नेडो कधी नोंदवला गेला नव्हता. आजूबाजूला पावसाचा पडदा, आत गरगरणारे लहान भोवरे. टिम, त्याचा 24 वर्षांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघंही गेले. टिम या क्षेत्रातल्या सर्वांत सावध माणसांपैकी होता. मी तेव्हा नॉर्मनलाच होते. त्या रात्री सगळ्यांना फोन लावत होते आणि एकेकाचा 'मी ठीक आहे' ऐकून पुढचा नंबर फिरवत होते. आजही मोसमातल्या पहिल्या दिवशी गाडीत बसताना ते तिघं आठवतात.

तुला इतक्या लांब येण्याआधी करण्यासारखं खूप आहे. आपल्याकडे बंगालात चैत्र-वैशाखात कालबैशाखी, म्हणजे उन्हाळी गडगडाटी वादळं, उठते. त्याच पट्ट्यात, बांगलादेशात, 26 एप्रिल 1989 च्या टोर्नेडोने सुमारे 1300 माणसं मारली. तिथल्या टोर्नेडोंचा अभ्यास अमेरिकेच्या मानाने फारच थोडा झाला आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कोलकात्याहून पहाटे साडेपाचला हवामान मोजणारा फुगा सोडतात. त्याची नोंद नेटवर मिळते. मार्च ते मे रोज ती काढ, उंचीनुसार तापमान, ओलावा आणि वाऱ्याची दिशा हाताने आलेखावर उतरव. संध्याकाळी तिथे काय झालं, ते बातम्यांत बघून शेजारी लिही. सोल्डरिंग शिक. दाब मोजणारं एखादं साधं यंत्र स्वतः जोड आणि आईच्या गच्चीवर पावसाळाभर चालू ठेव. ते बंद पडेल, पाणी शिरेल. का शिरलं, ते मला कळव.

पहिल्या महिन्याचे आलेख झाले की फोटो पाठव. आईला सांग, मी फोन करते.

तुझी,
मावशी