छपरावरचं भोक बुजवू नका

तुम्ही बघून आलेली गाडी १९६३ची, कॅडिलॅकवर सुपीरियरने बांधलेली शववाहिका. छपरावर झाकण लावलेलं भोक आहे, गाडीच्या मागच्या तळातले रोलर उलटे करता येतात, आणि हे उद्योग कारखान्याचे की नंतर कुण्या गॅरेजवाल्याचे, असा तुमचा प्रश्न. त्याच विक्रेत्याकडे 'कापून पिकअप केलेली' एक कॅडिलॅकही आहे म्हणता. तिच्याकडे शेवटी येतो, कारण ती कापलेली नसावी अशी मला दाट शंका आहे.

आधी कारखाना म्हणजे कुठला ते बघू. त्या काळात कॅडिलॅक पूर्ण शववाहिका बनवत नसे. डेट्रॉइटहून निघायची ती अर्धीमुर्धी गाडी: जाडजूड लांब चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), इंजिन, बॉनेट, पुढची मडगार्डं, डॅशबोर्ड. १९६३च्या नेहमीच्या कॅडिलॅकचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२९.५ इंच, या व्यावसायिक चॅसीचा १५६. उरलेली गाडी कोचबिल्डर, म्हणजे तयार चॅसीवर बॉडी चढवणारा कारखाना, बांधायचा. ओहायोत लायमाला सुपीरियर, सिनसिनाटीला 'एस अँड एस' नावाने गाड्या काढणारे हेस अँड आयझेनहार्ट, शिवाय मिलर-मिटिअर, आणि इलिनॉयमध्ये युरेका. गिऱ्हाईक म्हणजे फ्युनरल होमचा, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या व्यवसायाचा, मालक. तो पडद्याच्या कापडापासून दाराच्या प्रकारापर्यंत सगळं निवडायचा. त्यामुळे विचित्र दिसतंय म्हणजे नंतर केलेलं, हा हिशेब या गाड्यांना लागू पडत नाही.

तुमची गाडी मला सरळसरळ 'कॉम्बिनेशन' वाटते. म्हणजे सकाळी शववाहिका, रात्री अॅम्ब्युलन्स. हसू नका, अमेरिकेत हे अगदी रीतसर होतं. १९६६च्या एका सरकारदरबारी गाजलेल्या अहवालात देशातली जवळपास निम्मी अॅम्ब्युलन्स सेवा १२,००० अंत्यविधी व्यावसायिक चालवतात, अशी नोंद आहे. कारण साधं: माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. रुग्ण वाचला तरी भाडं, न वाचला तरी भाडं, अशी कुजबुज होतच असणार.

आता तुमच्या शंका. शवपेटी सरकवायला जमिनीत रोलर लागतात, आणि पेटी हलू नये म्हणून अडसराच्या खुंट्या. पण स्ट्रेचर आणि सोबतचा माणूस आत आला की तेच रोलर पायात येतात. म्हणून रोलरच्या पट्ट्या उलटून सपाट बाजू वर करायची, खुंट्या काढायच्या, घडीची खुर्ची उघडायची. बाहेरून मागच्या काचांवरची लँडाऊ पॅनेलं, म्हणजे ती 'एस' आकाराची चकचकीत पट्टी असलेली झाकणं, उतरवायची. छपरावर फिरता दिवा चढवायचा. तुमचं भोक त्या दिव्याचं. अंत्ययात्रेच्या वेळी दिवा काढून तिथे झाकण. तेव्हा वेल्डिंग करून ते बुजवायचा विचार सोडा, गाडीची ओळखच त्यात आहे.

सायरन आणि वायरलेस मात्र बरेचदा वितरकाने किंवा मालकाने नंतर बसवलेले असतात. ओळखायची माझी पद्धत: छपराचं अस्तर थोडं सोडवून वायरी बघा. बांधणीच्या वेळच्या वायरी एकत्र गुंफून अस्तराआड नेलेल्या असतात. नंतरच्या गालिच्याखालून, चिकटपट्टी गुंडाळून, आणि स्क्रू सजावटीच्या पट्टीतून आरपार. चॅसी क्रमांकात 63च्या लगेच नंतर Z हवा, ती व्यावसायिक चॅसीची खूण. सुपीरियरची स्वतःची क्रमांकपट्टी वेगळी, तीही शोधा.

याहून अजब प्रकार हवेत तर 'थ्री-वे' गाड्या बघा. पेटी मागूनच नव्हे, दोन्ही बाजूच्या दारांतूनही काढता येते, म्हणजे खांदेकऱ्यांना रहदारीत किंवा चिखलात उतरायला नको, फुटपाथवरूनच उचलायची. त्यासाठी आत वळणारं, बाहेर सरकणारं अवजड टेबल. इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टची हेन्नी कंपनी पॅकार्ड या मोटार कंपनीच्या चॅसीवर गाड्या बांधायची. तिने हे टेबल विजेवर चालवलं. पण रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता. गाडी फुटपाथकडे कलते आणि टेबलही. मग हेन्नीने गाडीच सपाट करणारी हायड्रॉलिक यंत्रणा काढली, तिचं नाव लेव्हलड्रॉलिक. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात डोकेबाज करामत हीच, आणि दुरुस्तीला सगळ्यात तापदायकही. पहिल्यांदाच घेणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

राहिली ती पिकअप. अमेरिकेच्या मोठ्या शहरांतल्या अंत्ययात्रांत पुष्पचक्रं न्यायला वेगळी 'फ्लॉवर कार' असायची, आणि हे कोचबिल्डरच ती बांधायचे. एस अँड एसच्या मॉडेलचं नाव फ्लोरेन्टाइन. वर फुलांसाठी स्टेनलेस स्टीलचा ओटा, आणि बऱ्याच गाड्यांत त्याखाली पेटी मावेल एवढी पोकळी. मागचा दरवाजा उघडून वाका आणि ओट्याखाली बघा. तिथे रोलर दिसले तर ती फ्लॉवर कार आहे. नुसता कापलेला पत्रा आणि लाकडी फळ्या दिसल्या तर विक्रेता म्हणतो ते खरं.

आणि भाव करण्याआधी पहिल्या गाडीची लँडाऊ पॅनेलं, फिरता दिवा आणि खुंट्या कुठे आहेत ते विचारा. हे सुटे भाग पुन्हा मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. सुपीरियरच्या क्रमांकपट्टीचा फोटो इथे टाका, मग पुढचं सांगतो.