मुलांचं ओळख-किट घ्यावं का? वारीला निघण्याआधी खरं काय तयार ठेवावं

ताई, चार वर्षांच्या लेकीला घेऊन यंदा माउलींच्या पालखीसोबत निघताय आणि बोटांचे ठसे व डीएनए घेऊन ठेवायचं ते ऑनलाइन मिळणारं किट घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: विकत घेऊ नका. त्यातलं माहितीचं कार्ड तेवढं घरी करा आणि उरलेला सगळा विचार मुलीच्या अंगावर काय लिहायचं याचा करा. बऱ्याच आषाढी मी पंढरपुरात मदत केंद्रावर बसून काढल्या आहेत, त्यावरून सांगते.

वारीत चुकलेलं मूल बहुतेक वेळा कुणीतरी वारकरीच उचलून आमच्याकडे आणतो. मूल समोर सुखरूप असतं, अडतं ते आईवडील शोधायला. नाव विचारलं तर रडणं. आईचं नाव? 'आई.' घर कुठे? 'मारुतीजवळ.' एकदा एक तीनेक वर्षांचा मुलगा कुठल्याच नावाला मान वर करेना. आजी धापा टाकत आली आणि लांबूनच 'दाद्या' म्हणाली, तसा टेबलाखालून सुटला. माइकवरून त्याआधी आम्ही फक्त त्याच्या कपड्यांचं वर्णन करत होतो. म्हणून कार्डावर शाळेतल्या नावाआधी हाक मारायचं नाव लिहा.

अशा वेळी बोटांच्या ठशांचं आम्ही काय करणार? ठसा जुळवायला दुसरीकडे तोच ठसा नोंदलेला हवा. पोलिसांकडचा संगणकीय साठा गुन्हेगारांच्या ठशांचा आहे, त्यात तुमच्या मुलीचं काहीच नाही. डीएनएचंही तेच. ती वेळ आलीच, तर आईवडिलांच्या नमुन्यावरून नातं जुळवता येतं, मुलाचा नमुना घेतलेला कापसाचा बोळा कपाटात जपायची गरज नाही. ही किटं मूळची अमेरिकेतली. तिथल्या नॅशनल चाइल्ड आयडी प्रोग्रामने 1997 पासून ती वाटली. टेक्सास ट्रिब्यून आणि प्रोपब्लिका या तिथल्या वृत्तसंस्थांच्या पत्रकारांनी 2023 मध्ये खोलात जाऊन चौकशी केली, तेव्हा त्या किटमुळे हरवलेलं मूल सापडल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आपल्याकडे ठशांचा खरा उपयोग होतो तो आधारमुळे, आणि तोही पाच वर्षांनंतर. पाचच्या आतल्या मुलांच्या निळ्या बाल आधारमध्ये ठसे किंवा बुबुळं नसतात, फक्त फोटो आणि पालकाशी जोडणी असते. पाच पूर्ण झाल्यावर बायोमेट्रिक अपडेट केलं, की मुलाची स्वतःची नोंद होते. पुढे कधी ते मूल बालगृहात पोचलं आणि तिथे त्याचं नवं आधार काढायला घेतलं, तर अर्ज 'आधीच नोंद आहे' म्हणून फेटाळला जातो आणि त्या जुन्या नोंदीवरून घराचा माग लागतो. जबलपूरचा एक मुलगा नागपुरात वाढत होता, तो असाच जवळपास दहा वर्षांनी 2021 मध्ये आपल्या घरी पोचला. तेव्हा लेक पाचची झाली की ते अपडेट अजिबात लांबवू नका, आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा.

आता वारीचं. मनगटापेक्षा कोपराच्या आतल्या बाजूला, कातडी कोरडी पुसून, न पुसल्या जाणाऱ्या मार्करने तीन नंबर लिहा. बॉलपेन घाम आणि पावसात तासाभरात जातं. पहिले दोन तुमचे दोघांचे. तिसरा वारीत नसलेल्या, घरी असलेल्या माणसाचा, कारण चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशीला नेटवर्क कोलमडतं आणि तुमचे दोन्ही फोन एकाच गर्दीत असतात. आकडे इंग्रजीत काढा. पंढरीत कर्नाटकातून येणारे वारकरी खूप असतात, मूल त्यांच्या हाती लागलं तरी वाचता यावं. शेजारी दिंडी क्रमांक लिहा आणि 'रथापुढे' की 'रथामागे' तेही. माउलींच्या रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, त्यामुळे नुसता क्रमांक दोन्हीकडे असतो. दिंडीच्या ट्रकवाल्याचा नंबर कार्डावर असू द्या, तो एका जागी असतो. क्यूआरचा पट्टा बांधायचा तर बांधा, पण तो नेट असेल तरच बोलतो. गळ्यात दोरीने काही अडकवू नका, गर्दीत ओढलं जातं. कार्ड शर्टच्या आतून पिनेने लावा, नाव बाहेर दिसता कामा नये.

फोटो रोज सकाळी काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत, पायांपर्यंत पूर्ण, टोपीशिवाय आणि फिल्टरशिवाय. 'पांढरे कपडे, कपाळी गंध' हे वर्णन वारीत निरर्थक आहे. लेकीला पोपटी किंवा भगभगीत केशरी काहीतरी घाला. कार्डावर उंची, रक्तगट, एखादा तीळ किंवा व्रण, औषध चालू असेल तर तेही लिहा.

आणि मूल खरंच सापडत नसेल तर 'चोवीस तास थांबा' हे कुणी सांगितलं तरी ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानुसार बालक हरवल्याच्या तक्रारीवर एफआयआर नोंदवायचा असतो, आणि अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच तपास सुरू करायचा असतो. हद्दीचा प्रश्न काढला तर शून्य क्रमांकाने नोंद मागा, म्हणजे हद्द न बघता होणारा 'झिरो एफआयआर'. 112 (आपत्कालीन मदत) किंवा 1098 (चाइल्डलाइन) लावा. रेल्वेत असाल तर रेल्वेची हेल्पलाइन 139. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो, तेव्हा एफआयआरची प्रत जपून ठेवा.

उलट बाजूही सांगते, कारण वारीत तुम्हालाही कुणाचं मूल भेटेल. त्याला आपल्या राहुटीत नेऊन बसवू नका, थेट पोलीस मदत केंद्रावर द्या. पालक लगेच मिळाले नाहीत तर त्याला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर (अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणारी जिल्ह्याची सरकारी समिती) न्यावं लागतं, ती जबाबदारी यंत्रणेला उचलू द्या.

लेकीला आतापासून तुमचं दोघांचं पूर्ण नाव चालीत म्हणायला शिकवा, चार वर्षांची पोर ते पटकन पाठ करते. चुकलीस तर आहेस तिथेच उभी राहा, पोलीस नाहीतर बाळ घेतलेली बाई दिसली तर तिला सांग, एवढं दोनदा-तीनदा खेळून घ्या.

व्हॉट्सॲपवर फोटो फिरवायची वेळ आली तर त्यात तारीख आणि पोलीस ठाण्याचं नाव टाका, घरचा पत्ता नको. मूल मिळालं की सगळ्या ग्रुपवर 'सापडलं' म्हणून कळवा, आपल्या पोस्ट काढून टाका आणि ठाण्यात जाऊन नोंद बंद करून घ्या. सापडलेल्या मुलांचे फोटो वर्षानुवर्षं फिरत राहतात, आणि खरंच हरवलेल्याकडे लोक मग बघेनासे होतात.