फोटोखाली सही कोणाची?

"आमची मुलगी सोळा वर्षांची आहे. शाळेत तिने मीडिया स्टडीज घेतलंय आणि प्रोजेक्टसाठी विषय निवडलाय फॅशन फोटोग्राफी आणि पॉपस्टार यांच्यावरच्या डॉक्युमेंटरी. परवा मी हॉलमध्ये आले तर टीव्हीवर भिंतभर उघड्या बाईचा फोटो. शेजारी माझे सासू-सासरे. सासरे चष्मा पुसत होते, तो पुसून संपेचना. नवऱ्याने रिमोट ओढून टीव्ही बंद केला. मुलगी म्हणाली, 'बाबा, इट्स आर्ट!' तो म्हणाला, 'माझ्या घरात असलं आर्ट नको.' तेव्हापासून ती खोलीचं दार लावून लॅपटॉपवर बघते. बंदी घालावी का? की आम्हीच बुरसटलेले आहोत?"
— एक आई

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'थोडेसे'. आणि तो काही गुन्हा नव्हे. सासऱ्यांशेजारी बसून तो फोटो बघताना तुम्हाला अवघडल्यासारखं झालं नसतं, तर मलाच तुमची काळजी वाटली असती.

माझं सांगते. माझी मुलगी याच वयाची असताना असाच एक सिनेमा बघत होती. मी टीव्ही बंद केला नाही, कारण मी स्वतःला पुढारलेली समजत होते. त्याऐवजी मी धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आले, आणि मोठ्या चादरीची घडी घालायला मला नेमकी टीव्हीसमोरचीच जागा सापडली. चादर दोन्ही हातांनी पसरून मी उभी. "आई," लेक म्हणाली, "घडी झाली की सांग, मी पॉज करते." आणि तिने खरंच पॉज केलं. पडद्यावर जीन्स घातलेली एक पंधरा वर्षांची मुलगी थांबून राहिली, तिच्यासमोर चादर धरून मी.

ती मुलगी म्हणजे अमेरिकन अभिनेत्री ब्रुक शील्ड्स. १९८० सालची केल्विन क्लाइन जीन्सची जाहिरात, फोटोग्राफर रिचर्ड अॅव्हेडनने चित्रित केलेली. अंगभर कपडे होते हो तिच्या! अवघडलेपण कपड्यांत नव्हतंच, ते मोठ्या माणसांनी तिच्या तोंडी घातलेल्या द्वयर्थी वाक्यांत होतं. मी चादर खाली ठेवली आणि बसले. बसले म्हणून कळलं की ज्याला मी घाबरत होते ते मिनिटाभरात सरलं. उरलेला सगळा वेळ आई, पैसा, करार आणि मुलाखती घेणारे पुरुष. या प्रकारच्या सिनेमांत कातडी कमी आणि कागदपत्रं जास्त असतात, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

सिनेमाचं नाव 'प्रिटी बेबी : ब्रुक शील्ड्स', लाना विल्सनने २०२३ साली केलेला, दोन भागांत. तुम्ही मुलीबरोबर एकच बघणार असाल तर हा बघा. कारण यातली खरी गोष्ट आईबापांची आहे. १९७५ साली ब्रुक दहा वर्षांची असताना गॅरी ग्रॉस नावाच्या फोटोग्राफरने तिचे असे फोटो काढले, जे कुठल्याही मुलीचे कोणी काढू नयेत. संमतीपत्रावर सही तिच्या आईची. मोबदला ४५० डॉलर. पुढे जाणती झाल्यावर ब्रुक कोर्टात गेली : हे फोटो आता वापरू नका. १९८३ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने सांगितलं की आईने दिलेली संमती मुलीला मोडता येणार नाही. विषय तिथेही संपला नाही. त्यातल्याच एका फोटोचा पुन्हा फोटो काढून रिचर्ड प्रिन्स या कलाकाराने आपली कलाकृती केली. २००९ साली ती लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये लागणार होती, पोलीस येऊन गेल्यावर संग्रहालयाने ती मागे घेतली. चौतीस वर्षं झाली होती त्या सहीला.

तुमच्या नवऱ्याचं यापुढचं म्हणणं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण ते मला घरबसल्या ऐकू येतंय : "हे यांचं कल्चर आहे, आपलं नाही." त्यांना १९९५ सालची टफ बुटांची जाहिरात आठवते का, विचारा. मधु सप्रे आणि मिलिंद सोमण, दोघंही चांगली मराठी घरची, अंगावर बूट आणि एक अजगर, बाकी काही नाही. फोटो प्रबुद्ध दासगुप्ता यांनी काढलेला. नवरा "नाही आठवत" म्हणाला तर खुशाल समजा की आठवतोय. त्या फोटोवरून मुंबईत खटला उभा राहिला आणि २००९ साली आरोपी निर्दोष सुटले तेव्हा तो संपला. चौदा वर्षं. आता ही दोन प्रकरणं शेजारी ठेवा. टफच्या जाहिरातीत दोन सज्ञान माणसं, आपण काय करतोय हे पुरतं माहीत असलेली. त्यांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आणि दहा वर्षांच्या मुलीचे फोटो मात्र कायद्यात बसले. 'उघडं दिसतंय का' एवढंच मोजलं की असा उलटा हिशोब येतो.

तुम्ही हॉलमध्ये पाहिलात तो फोटो बहुधा फॅशन फोटोग्राफर हेल्मुट न्यूटनचा असावा. भिंतभर उघड्या बायका ही त्याचीच ओळख. गेरो फॉन बोएमचा 'हेल्मुट न्यूटन : द बॅड अँड द ब्यूटिफुल' हा २०२० सालचा माहितीपट मुलीच्या यादीत नक्की असणार. न्यूटन १९२० साली बर्लिनमध्ये एका ज्यू घरात जन्मला, इव्हा या नावाने काम करणाऱ्या फोटोग्राफर बाईकडे शिकला, १९३८ साली देश सोडून निघाला. इव्हा मागे राहिली. नाझींनी तिला मारलं. या माणसाने पुढे 'व्होग' या फॅशन मासिकासाठी काय केलं याचा एकच नमुना सांगते, १९८१ सालचा. चार बायका समोरून चालत येतायत, झकपक कपड्यांत. शेजारच्या फोटोत त्याच चौघी, तशाच चालत, तशाच उभ्या, फक्त कपडे नाहीत. उंच टाचांचे बूट तेवढे आहेत. पहिल्या फोटोत आपण कपडे बघतो, दुसऱ्यात आपल्याला त्यांची चाल दिसायला लागते. या बायका चाल करून येतायत की त्यांना चालवलं जातंय? यावर माणसं चाळीस वर्षं भांडतायत, तेव्हा तुमच्या घरी एका संध्याकाळी निकाल लागला नाही तर हिरमुसू नका.

या सिनेमात एक जुनी चित्रफीत आहे, १९७९ सालच्या एका फ्रेंच टीव्ही कार्यक्रमातली. लेखिका सुझन सोंटॅग न्यूटनला तोंडावर सांगते की तुमचे फोटो स्त्रीद्वेष्टे आहेत. तो म्हणतो, मला तर बायका फार आवडतात. ती म्हणते, असं म्हणणारे स्त्रीद्वेष्टे पुष्कळ असतात. नेमकं इथे पॉज करा आणि मुलीला विचारा, तू कोणाच्या बाजूची? आपलं मत आधी सांगू नका, आईचं मत ऐकलं की मुलं एक तर तेच म्हणतात नाही तर बरोबर उलटं. लगेच पुढेही जाऊ नका, कारण या सिनेमात बोलणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत, त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या ग्रेस जोन्स, शार्लट रॅम्पलिंग, इझाबेला रोसेलिनी, आणि त्या काही सोंटॅगच्या सुरात सूर मिसळत नाहीत. मला विचाराल तर न्यूटनच्या बायका मला कधी बापुडवाण्या वाटल्या नाहीत. पण त्या चौघींतल्या एकीचंही नाव मला सांगता यायचं नाही, त्याचं मात्र येतं.

पॉपस्टारांचं प्रकरण थोडं वेगळं, कारण तिथे कॅमेराच बरेचदा स्टारच्या पगारावर असतो. मॅडोनाचा 'ट्रुथ ऑर डेअर' (१९९१) घ्या, १९९० सालच्या तिच्या 'ब्लाँड अँबिशन' दौऱ्यावरचा. रंगमंचावरचं सगळं रंगीत, पडद्यामागचं सगळं कृष्णधवल. आपला मेंदू लगेच ठरवतो : रंगीत म्हणजे नाटक, काळंपांढरं म्हणजे खरं. पण ते काळंपांढरंही कोणीतरी निवडून, कापून, जोडूनच ठेवलंय. एका प्रसंगात डॉक्टर मॅडोनाचा घसा तपासतोय, तिला विचारतो, कॅमेरा बंद असताना बोलायचंय का काही? शेजारी तिचा तेव्हाचा मित्र, अभिनेता वॉरन बेटी उभा, तो टोमणा मारतो की हिला कॅमेरा बंद असताना जगायचंच नाहीये. गंमत म्हणजे हा टोमणाही सिनेमात ठेवलाय. कोणी ठेवला आणि का, हा प्रश्न तुमच्या मुलीच्या प्रोजेक्टला पुरून उरेल.

आणि मग लगोलग 'स्ट्राइक अ पोझ' (२०१६) दाखवा. हा त्याच दौऱ्यातल्या नर्तकांवर, पंचवीस वर्षांनी केलेला. जगभरच्या कित्येक समलिंगी मुलांना ज्या पोरांच्या मोकळेपणाने धीर दिला, त्यांतल्या काहींना स्वतःला मात्र तेव्हा सगळं बोलता येत नव्हतं. एक जण एचआयव्हीची गोष्ट कित्येक वर्षं मनात ठेवून होता. तिघांनी १९९२ साली मॅडोनावर दावाही लावला होता, आपलं खासगी आयुष्य नको तसं पडद्यावर आणलं म्हणून. तो पुढे कोर्टाबाहेर मिटला. त्या तिघांतला एक १९९५ साली एड्सने गेला, नव्या सिनेमात त्याची आई बोलते. पहिला सिनेमा बघून हसणारी माझी लेक दुसऱ्यात त्या आईपाशी गप्प झाली. मी तेव्हा काही बोलले नाही. सुचलंच नाही, खरं तर.

ब्रिटनी स्पिअर्सवरचा २०२१ सालचा माहितीपट बघायचा तर एवढंच ध्यानात ठेवा की त्यात ती स्वतः सहभागी नाही. २००८ ते २०२१ तिच्या आयुष्याचे आणि पैशांचे कायदेशीर निर्णय दुसऱ्यांच्या हातात होते, बराच काळ वडिलांच्या. तो अन्याय दाखवणारा सिनेमासुद्धा तिला वगळूनच झाला. गायिका एमी वाइनहाउसवरचा 'एमी' (२०१५) मात्र मुलीला एकटीने बघू देऊ नका. उत्तम सिनेमा आहे, ऑस्करही मिळालंय, पण दारू, ड्रग्ज आणि खाऊन ओकून टाकण्याचा आजार, हे सगळं त्यात जवळून आहे, आणि शेवटी सत्तावीस वर्षांची मुलगी मेलेली आहे. तुमची मुलगी हल्ली जेवणावरून कुरकुर करत असेल, आरशासमोर पोट आत ओढून बघत असेल, तर हा सिनेमा आत्ता नको. आधी तिच्याशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशी. हा नियम मी उघडेपणाच्या बाबतीत लावणार नाही, इथे लावीन.

आता तुमच्या घरातली खरी अडचण. मला ती नैतिक कमी आणि भाषेची जास्त वाटते. या विषयावर बोलायला आपल्याकडे कोणते मराठी शब्द आहेत? शी. उघडंवाघडं. चावट. थिल्लर. पेपरात वाचून 'उत्तान'. सगळे शब्द दार बंद करणारे. मुलीकडे मात्र शाळेने दिलेले इंग्रजी शब्द आहेत, आणि ते तिने बापाला फेकून मारले : 'इट्स आर्ट'. दोघं एकाच घरात दोन भाषांतून भांडतायत, त्यातून निघणार काय? एक शब्द तिला मराठीत द्या, 'संमती'. आपण घरात रात्रंदिवस 'परवानगी' म्हणतो. परवानगी मोठ्यांकडे मागायची असते, ती वरून खाली येते. संमती ज्याची त्याची असते. ब्रुकच्या आईने दिली ती परवानगी होती, कोर्टाने तिला संमती मानलं. हा फरक मी माझ्या लेकीला मराठीत सांगितला तेव्हा ती म्हणाली, हे इंग्रजीत इतकं नीट कळलं नव्हतं. (त्या दिवशी मी दिवसभर तोऱ्यात होते.)

बाकी व्यवहाराचं पटापट. सासू-सासरे आहेत तोवर हॉलमध्ये नको. त्यात मुलीला लाज वाटायला लावण्यासारखं काही नाही, त्यांचाही विचार करायचा एवढंच. पण दार लोटलेलं चालेल, कडी नको. प्रत्येक सिनेमाचं वयाचं प्रमाणपत्र आधी बघा. 'ट्रुथ ऑर डेअर' अमेरिकेत 'आर' आहे, म्हणजे तिथे सतराखालच्या मुलांनी मोठ्यांबरोबर बघायचा. तुम्ही बरोबर बसणार असाल तर सोळाव्या वर्षी चालण्यासारखा, धाकटं भावंड असेल तर त्याला नाही. आणि नवऱ्याला सांगा, पहिली वीस मिनिटं फक्त बस, रिमोट मुलीच्या हातात राहील. "पुढे कर" असं तोच आधी म्हणेल आणि तीच म्हणेल, "थांब ना बाबा, हे महत्त्वाचं आहे."

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. 'प्रिटी बेबी'च्या शेवटाकडे ब्रुक आपल्या दोन मुलींबरोबर टेबलाशी बसलेली दिसते आणि मुली आईला तिने लहान वयात केलेल्या सिनेमांबद्दल आजच्या नजरेने सुनावतात. तो प्रसंग संपला आणि माझी लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, माझा तो टबमधला फोटो कुठेकुठे आहे?"

ती दोन वर्षांचीही झाली नव्हती तेव्हाचा फोटो. फेस, बदक, खळखळून हसणारं तोंड. तिच्या बाविसाव्या महिन्यापासून तो मी किती प्रेमाने वाटला होता! आम्ही दोघी मोजायला बसलो. माझं फेसबुक, माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, कॉलेजच्या मैत्रिणींचा ग्रुप, एका मावशीच्या फोनचा वॉलपेपर. फेसबुकवरचा लगेच काढला. मावशीला फोन केला, ती आधी रुसली, मग तिने बदलला. ग्रुपांवर टाकून इतकी वर्षं झाली होती की माझ्या बाजूने सगळ्यांसाठी पुसायची सोयच उरली नव्हती, म्हणून प्रत्येक ग्रुपवर लिहिलं, कृपया हा फोटो आपापल्या फोनमधून काढा. माहेरच्यांनी अंगठे टाकले. सासरच्या ग्रुपवर कोणीतरी तोच फोटो परत टाकून विचारलं, "हाच का?"