वर्ग किती तापला की शिकवणं थांबवायचं?

प्रश्न: माझा वर्ग सगळ्यात वरच्या मजल्यावर, वर पत्रा. दुपारी मागच्या बाकावरची पोरं वहीनेच वारा घेत बसतात, लिहिताना हात पानाला चिकटतो, आणि मुख्याध्यापकांना सांगितलं की म्हणतात नियम दाखवा मग बघू. दाराजवळच्या थर्मामीटरवर ३३ दिसतं. असा काही नियम असतो का कुठे?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, नियम आहेत, पण बरेचसे नोकरदारांसाठी लिहिलेत, म्हणजे गंमत बघा, त्याच खोलीत तुम्ही 'कर्मचारी' म्हणून त्यात बसता आणि समोरची चाळीस पोरं बसत नाहीत. जर्मनीत कामाच्या जागेसाठी २६, ३० आणि ३५ अशा पायऱ्या आहेत, २६ च्या वर उपाय करावेत, ३० च्या वर करायलाच हवेत, आणि ३५ च्या वर खास उपाय नसतील तर ती खोली कामाला चालत नाही. स्पेनमध्ये बैठ्या कामाला १७ ते २७. ब्रिटनमध्ये थंडीसाठी किमान १६ चा आकडा आहे पण उन्हाळ्यासाठी कमाल आकडाच नाही, शिक्षक संघटना तो मागत असतात.

आता तुमचं ३३. ते दाराजवळचं आहे, म्हणजे हवेचं, आणि तापलेला पत्रा वरून थेट डोक्यावर जी उष्णता फेकतो ती साध्या थर्मामीटरला नीट कळतच नाही, त्यासाठी काळ्या गोळ्यातला थर्मामीटर वापरतात. शिवाय दमट हवेत घाम वाळत नाही, मग तेच ३३ कोरड्या हवेतल्यापेक्षा जास्त छळतं. म्हणून नुसत्या एका आकड्यावर भांडू नका असं माझं मत.

अभ्यासाचं म्हणाल तर अमेरिकेत लाखो विद्यार्थ्यांच्या परीक्षांवरून २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला, एसी नसलेल्या शाळांत वर्षाचं सरासरी तापमान १ अंश फॅरनहाइटने (सेल्सिअसमध्ये जेमतेम अर्धा अंश!) वाढलं की त्या वर्षीचं शिकणं साधारण १ टक्क्याने घटतं. हे मुख्याध्यापकांना नक्की सांगा, निकालाचं नाव काढलं की कान टवकारतात.

आणि दहा दिवस एक काम करा, मागच्या बाकाशी, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर दुसरा थर्मामीटर टांगा, ऊन थेट पडणार नाही असा, जमलं तर आर्द्रता दाखवणारा. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला आकडे वहीत लिहा. ती वही पुढे ठेवून आधी पत्र्याला पांढरा रंग आणि खाली फॉल्स सीलिंग मागा, एसी नंतर.