स्वेटर-शाली पेटीत ठेवताय? आधी एवढं करा

ताई, पहिल्याच वर्षी अख्खं कपाट उपसू नका. होळी झाली की फक्त थंडीचे कपडे काढा: स्वेटर, शाली, कानटोप्या. आणि डबे आणायला आधीच बाजारात पळू नका, ही सगळ्यांचीच पहिली चूक. घरातली जुनी लोखंडी पेटी पुरते.

दोन हिवाळे अंगाला न लागलेलं बाजूला काढा. चांगलं असेल तर कुणाला देऊन टाका, विटलेल्या सुती लुगड्यांची गोधडी शिवा. पोरांचे आखूड झालेले स्वेटर "पुढच्याला होतील" म्हणून ठेवू नका, तोवर कसर, म्हणजे लोकर कुरतडणारी कीड, खाते.

आता खरी गोष्ट. एकदाच घातलेला स्वेटरही धुतल्याशिवाय पेटीत जाऊ नये. कसर घामावर, तेलकट डागांवर आधी येते. उलटा करून वाळवा, मग सावलीत पूर्ण निवू द्या. मी एकदा उन्हातून काढून गरमच घडी घातली होती. पोळ्याला पेटी उघडली तर शालीच्या घडीत हिरवट बुरा आणि तो कुबट वास! दोनदा धुतली तरी गेला नाही.

पेटीखाली चार विटा ठेवा, जमिनीची ओल चढत नाही. कडुलिंबाचा पाला घालायचा तर कडक वाळलेलाच. डांबरगोळ्या कागदात गुंडाळून सगळ्यात वर ठेवा, कारण वास खाली उतरतो. लेकरांच्या हाती मात्र लागू देऊ नका. खताच्या रिकाम्या थैलीत कपडे भरू नका, कितीही धुतलेली असो.

मे महिन्यात, मृग लागायच्या आत, पुन्हा एकदा ऊन दाखवा. रजया-गाद्यांचं पुढच्या वर्षी पाहू.